देवानंदचे हात

देवानंदने फोडलेलं पहिलं डोकं मी शिवलं, तेव्हा ते डोकं त्यानेच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मला त्या गावात येऊन जेमतेम महिना झाला असेल. झरी जामणी तालुक्यातलं, मुकुटबनपासून बरंच आत असलेलं गाव. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे माझं क्वार्टर. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, मीच नर्स आणि झाडू मारणारीही मीच. एका सकाळी सायकलच्या कॅरिअरवर रक्ताने माखलेल्या एका मुलाला बसवून दुसरा मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"सिस्टर, याचं डोकं फुटलं."

"कशानं?"

"माया हातानं," तो म्हणाला. भाव असा, की जणू सायकल पंक्चर झाली.

मी त्याला बाहेर जायला सांगितलं, तर तो जागचा हलेना. मी सुई टोचली, की खालचा मुलगा ओरडायचा आणि हा त्याला दम द्यायचा, "हालू नको बे, नक्षी बिघडन." मग मला म्हणायचा, "बारीक टाके घाला सिस्टर. लग्न व्हायचं हाय त्याचं." काम झाल्यावर दोघे आले तसेच एका सायकलवरून परत गेले, आणि जाताना मागचा पुढच्याच्या कमरेला धरून बसला होता. यवतमाळला आमचं घर कारकुनांचं आणि वकिलांचं. आमच्याकडे भांडण म्हणजे सहा-सहा महिने अबोला. मारून झाल्यावर लगेच दवाखान्यात घेऊन येणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता.

पुढे तो माझं नेहमीचं गिऱ्हाईक झाला. कधी कोणाचा दात, कधी कोणाची भुवई. दर वेळी मारणारा आणि आणणारा एकच. मी भयंकर चिडायचे. "सरकार मला औषधं गावासाठी देतं, तुझ्यासाठी नाही," असं एकदा सुनावलं, तर दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची मोळी दारात आणून टाकली. माफी वगैरे त्याला मागता यायची नाही.

दिसायला काही पहिलवान नव्हता. शिडशिडीत, काळासावळा, कान बाहेर आलेले. हसला की आधी कानच हलायचे. फक्त हात निराळे होते. लांब, मनगटाशी जाड, आणि त्याच्या डोक्याला न विचारता चालणारे. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या गल्लीत एकदा पिसाळलेलं कुत्रं शिरलं. दोन शेळ्यांना चावून ते अंगणवाडीच्या ओसरीकडे निघालं. आम्ही सगळे "दगड आणा, काठी आणा" करत होतो, तेवढ्यात देवानंदने उभ्या असलेल्या बैलबंडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे बंडीच्या कडेला उभा खोचलेला सागाचा दांडका. एकच फटका घातला. कुत्रं आवाजही न करता पडलं, पण तो थांबला नाही. मारतच राहिला, मारतच राहिला, शेवटी त्या जागी कुत्रं होतं असं सांगूनही कोणाला पटलं नसतं. त्याचे वडील नामदेवराव मागून त्याच्या कमरेला मिठी मारून लटकले तेव्हा तो थांबला. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि भिंतीशी जाऊन ओकला.

त्या दिवसापासून मी त्याला थोडी भिऊ लागले, हे खरंच आहे.

नामदेवराव म्हणजे साखरेसारखा गोड माणूस. दोन-चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. रोज संध्याकाळी पांढरा सदरा घालून विहारात जायचे, त्रिशरण-पंचशील म्हणायचे. देवानंद त्यांच्या शेजारी बसून सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणायचा. आवाज छान होता त्याचा. पहिलं शीलच मुळी जिवाची हिंसा न करण्याचं. त्याची आई शांताबाई दारात बसून ऐकायची आणि मला डोळ्याने खुणावायची, "पाहा सिस्टरबाई, सकाळी दात पाडले अन् आता गोड गळ्यानं म्हनून राह्यला."

ती वर्षंच तशी होती. कापसाने सगळ्यांचं रक्त आटवलं होतं. पीक आलं तर भाव नाही, भाव आला तर बोंडात अळी. माणसं दिवसभर गप्प असायची आणि क्षुल्लक गोष्टीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायची. माझ्याकडे त्या काळात दोनच तऱ्हेचे लोक यायचे. फवारणीचं औषध प्यालेले, आणि मार खाल्लेले. औषध प्यालेल्यांच्या नाकात नळी घालता घालता मला कधी कधी वाटायचं, देवानंदचं बरं आहे, याचा राग निदान बाहेर तरी पडतो. असं वाटायचं ते मी त्याच्यासमोर कधी बोलले नाही.

मग ती जिनिंगची गोष्ट झाली. आमच्या गावापासून जवळच एक जिनिंग होतं, तिथे कापसाची खरेदी चालायची. गाड्यांची रांग रस्त्यावर दूरवर गेलेली. रीत अशी होती, की बैल सोडून घरी पाठवायचे आणि बंडी रांगेत तशीच ठेवायची. मालक जेवायला गेला तरी त्याच्या बंडीचा नंबर कोणी मोडत नसे. रांगेत चार दिवस बंडी बेवारस उभी राहिली तरी चालायचं, पण नंबर मोडला तर माफी नाही. त्या दिवशी शेजारच्या गावचा गजानन ट्रॅक्टर घेऊन आला आणि सरळ नामदेवरावांच्या बंडीपुढे घुसला. घरचा बरा, अंगाने धिप्पाड, तरणा पोरगा. नामदेवराव म्हणाले, "नंबरानं ये ना गा, बाप्पा." यावर गजाननने त्यांना जातीवरून शिवी घातली आणि ढकललं. म्हातारा चाकावर आपटला.

देवानंद मागे तुरीच्या शेंगा खात बसला होता. पुढचं मला पाहणाऱ्यांनी सांगितलं. तो धावला नाही की ओरडला नाही. उठला, उभारी उपसली आणि गजाननच्या डोक्यात डाव्या बाजूला घातली. नारळ फुटावा तसा आवाज झाला म्हणे.

मी पाहिलं ते त्यानंतरचं. ट्रॅक्टरची ट्रॉली दवाखान्यासमोर थांबली. ट्रॉलीत कापूस, कापसावर गजानन, आणि गजाननचं डोकं मांडीवर घेऊन देवानंद. आजूबाजूचा कापूस लाल चिखल झाला होता. "सिस्टर, शिवा लवकर," तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. डाव्या कानातून रक्त येत होतं, एक बाहुली मोठी झाली होती. ही शिवण्याची जखम नव्हतीच.

"हे माझ्याच्यानं नाही व्हायचं," मी म्हटलं.

"तुमच्याच्यानं सगळं व्हते," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "शिवा ना, सिस्टर! काहून नाही शिवत?"

गजाननला मार बसायला हवा होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण मारणं आणि मारून टाकणं यात अंतर असतं, आणि ते देवानंदच्या हातांना ठाऊक नव्हतं. मी जीप मिळवली आणि गजाननला घेऊन आधी वणी, तिथून यवतमाळ गाठलं. देवानंदही जीपमध्येच होता. कोणी त्याला उतर म्हटलं नाही. वाटेत गजाननला झटके यायचे तेव्हा हाच त्याला धरून ठेवायचा.

गजानन जगला. उजवा हात लुळा पडला, तोंडाची उजवी बाजू ओघळली, बोलणं जड झालं. दोन्ही गावांतली जाणती माणसं बसली. इकडून शिवीची तक्रार, तिकडून जीवघेण्या हल्ल्याची. दोन्ही तक्रारी न देता मिटवायचं ठरलं. पण शांताबाईने ते तेवढ्यावर मिटवलं नाही. गजाननने डोळे उघडल्याचा निरोप गावी पोचला तशी ती नामदेवरावांना घेऊन एसटीने यवतमाळला आली, वॉर्डाच्या व्हरांड्यात देवानंदसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माया डोक्यावर हात ठेव. उजवा."

"काय माय, लोक पाहून राह्यले."

"ठेव म्हनते ना."

त्याने ठेवला. तो हात तिने वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरला. "आता आईक. आजपासून तुया हात कोनावर पह्यला उठला, तं तू मायं मेलं तोंड पाह्यशीन. मायी आन हाय तुले."

नामदेवराव कळवळले. "अवो, आपल्यात आन-बिन नसते. पंचशील घेतलं हाय त्यानं."

"पंचशील तो रोज घेते," शांताबाई म्हणाली आणि आत वॉर्डाकडे बोट दाखवलं. "घेऊन हे करते. आता मायी आन घेऊन पाहू द्या."

आन म्हणजे शपथ. आमच्याकडे ती नुसती घालून भागत नाही. जिने घातली तिनेच सोडवावी लागते; तिने तोंडाने 'सुटली' म्हटलं की माणूस मोकळा. लहान मुलं खेळात एकमेकांना शपथ घालतात आणि मग 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतात. देवानंद दुसऱ्या दिवसापासून तेच करू लागला. मी सकाळी त्यांच्याकडे चहाला गेले, की चुलीपाशी हा आईच्या मागे भुणभुण करत असायचा.

"माय, सुटली म्हन."

"नाही म्हनत."

"बरं, आजच्या दिवस. आज बाजार हाय."

"बाजार हाय म्हनूनच नाही म्हनत."

हसायचा, कान हलायचे, आणि चहा पिऊन निघून जायचा. ही थट्टा आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग त्याच्या उभं राहण्यात एक नवी सवय आलेली माझ्या लक्षात आली. कुठे बाचाबाची सुरू झाली, की तो दोन्ही हात पाठीमागे न्यायचा आणि डाव्या हाताने उजवं मनगट पकडायचा. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, शाळा तपासायला साहेब आलेत. पोरं त्याला 'हेडमास्तर' म्हणून चिडवू लागली. मी एकदा मागून पाहिलं. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटात इतकी रुतली होती, की नखांखालचं रक्त पळालं होतं. ती थट्टा नव्हती.

तो फौजेत भरती झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आता हात सत्कारणी लागतील. मला काळजी वेगळीच होती. मी त्याला विचारलं, "तिथे काय हात मागे बांधून उभा राहणार का?" त्याचा सगळा हिशेब तयार होता. "फौजेत हुकूम असते, सिस्टर. हुकूम झाला की हात माया नसते, सरकारचा असते. मायले पटलं हाय हे." शांताबाईनेही मान डोलावली. हुकुमाने उचलला तर आन मोडत नाही, असं मायलेकांनी चुलीपाशी बसून ठरवून टाकलं होतं.

सुट्टीवर आला, की पहिल्या दिवशी तो गजाननच्या गावी जायचा. ते लोक दार उघडायचे नाहीत. हा ओट्यावर बसून यायचा आणि नेलेली वस्तू, कधी टॉर्च, कधी फौजेतली गरम बनियन, तिथे ठेवून यायचा. एका सुट्टीत गजाननच बाजारात समोर आला. मी भाजी घेत होते. गजाननने याला पाहिलं, जवळ आला आणि डाव्या हाताने याच्या मुस्काटात ठेवून दिली. अख्खा बाजार थांबला. दुसरी मारली. तिसरी. देवानंदचे हात मागे गेलेले. गजाननच्या तोंडातून लाळ गळत होती, शब्द फुटत नव्हता, आणि तो मारत सुटला होता. देवानंदचा ओठ फाटला, नाकातून रक्त सदऱ्यावर आलं, पण तो पाऊलभर मागे सरला नाही. शेवटी गजाननच दमला आणि कांद्यांच्या ढिगाशी बसून लहान मुलासारखा रडू लागला.

दवाखान्यात मी त्याचा ओठ पुसत होते. मला रागच आला होता. "निदान बाजूला तरी व्हायचं!"

"हटलो असतो तं त्याचा तोल गेला असता," देवानंद म्हणाला. "डाव्या हातानं मारावं लागते त्याले. उजवा चालतच नाही."

मी कापूस बदलला. मग तोच खाली पाहत म्हणाला, "पन खरं सांगू काय सिस्टर? हात असे ओढून राह्यले होते मले, जसे बैल ओढते. मायनं त्या वक्ती सुटली म्हटलं असतं ना, तं मेला असता तो. त्याच्यावर दया आली म्हनून थांबलो असं नोका समजू. आन होती म्हनून थांबलो. पह्यला अन् दुसरा हाताले नाही समजत, म्हनून उचलतच नाही."

हे तो इतकं सरळ बोलला, की त्या दिवसापासून माझी भीती गेली. असा माणूस मला फार आवडून गेला, आणि आजही त्याची आठवण आली की आधी तो फाटका ओठ आठवतो.

शेवटच्या सुट्टीत तो आफ्रिकेला निघाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत त्याच्या पलटणीची तुकडी जात होती. "लढाई नाही सिस्टर," तो मला समजावून सांगत होता, "तिथले दोघं भांडून राह्यले. आपन मधात उभं राहाचं. निळी टोपी घालून." नामदेवरावांना निळ्या टोपीचं भारी कौतुक वाटलं. विहारात त्यांनी सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. "पह्यली गोळी आपन नाही चालवाची, असा कायदाच हाय तिथं," देवानंद म्हणाला, तेव्हा शांताबाईचा चेहरा एकदम खुलला. "मंग मायी आन सरकारनंच घेतली म्हन ना!" ती म्हणाली.

बस सकाळची होती. मीही फाट्यापर्यंत गेले होते. तो आईच्या पाया पडला आणि वाकलेलाच राहून वर पाहत म्हणाला, "माय, आता तरी सुटली म्हन. दुसऱ्या देशात चाल्लो."

"दुसऱ्याच्या देशात तं बिलकुल नको उचलू," शांताबाई म्हणाली. "वापस येजो, मंग पाहू."

बातमी आली तेव्हा वेचणी चालू होती. पोलिसांची जीप आधी दवाखान्याशी थांबली आणि मला बरोबर घेऊन शेतात गेली. शांताबाई ओटीत कापूस घेऊन उभी होती. जमादाराने टोपी काढून सांगितलं. ती रडली नाही, खालीही बसली नाही. तिने विचारलं, "मारामारी केली काय त्यानं? पह्यला हात कोनाचा होता?"

जमादार काय सांगणार? तो म्हणाला, "लढता लढता वीरमरण आलं, माय."

"मी ते नाही इचारलं," ती म्हणाली.

पेटी यायला बरेच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तिने येईल त्याला तोच प्रश्न विचारला. तहसीलदारांना, सरपंचांना, पेपरवाल्यांना. सगळे तिला देवानंदने किती शत्रू मारले असतील ते ऐकवायचे. त्यांचाही काय दोष? मेलेल्या जवानाच्या आईला लोक हेच सांगतात. ती ऐकून घ्यायची आणि मग माझ्याजवळ येऊन बोलायची. "सिस्टरबाई, त्यानं पह्यला हात उचलला असता, तं आन मोडली असती. मंग मेली असती मी. मी तं जित्ती हावो. म्हंजे नाही उचलला त्यानं." आणि लगेच, "मंग काहून मेला तो? त्याच्यापुढं हात चालवनारा अजून पैदा नाही झाला."

मला उत्तर कळू लागलं होतं. तिलाही कळू लागलं असणार. फक्त कोणीतरी ते पाहिलेलं हवं होतं.

पेटी विहारात ठेवली. पेटीवर तिरंगा, त्यावर निळी टोपी. मोठे साहेब लोक यायचे होते म्हणून सगळं थांबलं होतं. बाहेर ही गर्दी. गजाननही आला होता, लुळा हात दुसऱ्या हातात धरून विहाराच्या भिंतीशी उभा. त्याला कोणी हटकलं नाही. पेटीबरोबर देवानंदच्या तुकडीतला एक जवान आला होता, नांदेडकडचा, बालाजी नावाचा. शांताबाईने त्याला घरात बोलावलं, समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बाबू, तू होता काय तिथं?"

"होतो, माय. वरच्या पहाऱ्याच्या मोर्च्यावर मीच होतो."

"मंग सांग. जसं झालं तसं. मले शूर-बीर नको सांगू."

बालाजीने सांगितलं. आसपासच्या गावांतल्या बायका-मुलं जीव वाचवायला त्यांच्या छावणीत शिरली होती. त्यांच्या मागावर तरण्या पोरांचा जमाव आला. कोणाकडे बंदुका, कोणाकडे लांब कोयते. आतली माणसं आमच्या हवाली करा म्हणत होते. साहेब आत वायरलेसवर मदत मागत होते. फाटकावर देवानंद. तो आडव्या बांबूच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"पहिली गोळी आपली नको, हा हुकूम होता," बालाजी म्हणाला. "पण अंगावर हत्यार उचललं तर मारायची मुभा होती, माय. सगळ्यांना होती. एक पोरगा पुढं आला, देवानंदला चापट मारली. देवा हलला नाही. तोंडावर थुंकला. हलला नाही. मग त्यानं कोयता वर घेतला. मी वरून बोंबलतोय, मार देवा, मार! माझी गोळी चालेना, कारण मधे देवाच उभा. पहिला घाव खांद्यावर बसला. रायफल छातीवर लटकलेली, नुसती वर उचलायची होती. ह्यानं हात लावला नाही. दुसरा घाव तोंडावर. तो पडला तेव्हा मला समोरचं दिसलं आणि मी चालवली. मग दोन्हीकडून चालली. आतलं एक माणूस त्यांच्या हाती लागू दिलं नाही आम्ही. पण असा धीर, माय, मी जन्मात पाहिला नाही. घाव बसताना त्याचे दोन्ही हात पाठीमागं होते."

शांताबाई पुढे झुकली. "डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं काय?"

"हो," बालाजी चकित होऊन म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं? तो नेहमीच तसा राहायचा. मी एकदा विचारलं, असा काय रे उभा राहतोस? तर हसून म्हणाला, मायनं बांधून..."

तो तिथेच थांबला. त्याने शांताबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

शांताबाई उठली आणि चालत विहारात गेली. मी आणि बालाजी मागोमाग. पेटीबरोबर आलेल्या फौजेतल्या साहेबांना म्हणाली, "उघडा." साहेब समजूत घालू लागले. चेहरा पाहण्यासारखा नाही, तुम्ही पाहू नये. "तोंड नोका दाखवू," ती म्हणाली. "हात दाखवा. हाताले काही झालं नाही ना?" साहेबांनी बालाजीकडे पाहिलं. बालाजी रडत होता. मी पुढे होऊन सांगितलं, की मी नर्स आहे, मी त्यांच्याजवळ उभी राहते. दार लावून घेतलं. आत शांताबाई, नामदेवराव, मी, साहेब आणि बालाजी. पेटीचं झाकण उघडलं.

तोंड पांढऱ्या पट्ट्यांनी पूर्ण गुंडाळलेलं होतं. कान तेवढे पट्टीखालीही थोडे वर आलेले दिसत होते. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, आणि हातांत पांढरे मोजे. शांताबाईने उजवा मोजा काढला. हात काळा-निळा, थंडगार, लाकडासारखा ताठ. मनगटावर डाव्या बोटांचे वळ आहेत का, ते ती शोधत होती बहुतेक. तिने तो हात दोन्ही हातांत धरून वर उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. मग ती स्वतःच वाकली आणि तिने आपलं तोंड त्या हातावर आपटलं.

"मार," ती म्हणाली. "पह्यला मले मार, देवा." पुन्हा आपटलं. "आन मायी होती. मराचं तं मी होती रे." पुन्हा. हाडावर हाड आपटल्याचा आवाज येत होता. नामदेवराव भिंतीला धरून खाली बसले. साहेब पुढे झाले, मी त्यांना अडवलं. तिचा ओठ फाटला, त्याच जागी, जिथे त्याचा फाटला होता. रक्त त्याच्या बाहीवर पडलं.

"सुटली," ती म्हणाली. "आईकून राह्यला काय? सुटली. सुटली रे बाबू. उचल आता."

मी तिला खांद्याला धरून मागे घेतलं. पिशवीतून कापूस काढला आणि तिचा ओठ दाबून धरला. ती माझ्या हातावरून पेटीकडेच पाहत होती. मीही पाहिलं. नंतर त्यांनी झाकण लावलं, बाहेर बंदुकांची सलामी झाली, आणि नामदेवरावांनी पंचशील म्हटलं. पण मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. झाकण खाली येत होतं आणि त्याचे दोन्ही हात पुढे होते, मोकळे.